शाळा उघडताना: दाखला, पाऊस आणि पहिले पंधरा दिवस (नाशिक परिसर)

गोदाकाठ | 11 जून, रात्री 9.40

नमस्कार. येत्या सोमवारी, 15 जूनला, आपल्याकडच्या शाळा उघडत आहेत. पेठ रस्त्यालगतच्या एका वस्तीत आम्ही पाच-सहा जण दर शनिवारी मुलांना गोष्टींची पुस्तके वाचायला देतो. यापलीकडे आमचा व्याप नाही आणि आमच्यापैकी कोणीही शिक्षक नाही. त्यामुळे पुढच्या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

परवा वस्तीत एक कुटुंब नव्याने राहायला आले. मूळ गाव पेठ तालुक्यातले. दिवाळीनंतर ते भिवंडीकडे वीटभट्टीवर गेले होते आणि आता गावी न परतता नाशिकलाच बिगारी कामासाठी थांबायचे त्यांनी ठरवले आहे. नऊ वर्षांचा मुलगा गावच्या जिल्हा परिषद शाळेत तिसरीत होता. आईने पत्र्याच्या पेटीतून एक प्लास्टिकची पिशवी काढून माझ्यापुढे ठेवली. तीत आधार कार्डे, रेशनकार्डाची झेरॉक्स, मुलाचे लसीकरणाचे कार्ड आणि दुसरीचे प्रगतिपुस्तक एवढे कागद होते. प्रगतिपुस्तकाला भट्टीवरची लाल माती लागलेली होती, परंतु गुरुजींची सही आणि शाळेचा शिक्का स्वच्छ वाचता येत होता. हे सारे घेऊन वडील एका शाळेत गेले, तेव्हा आधी शाळा सोडल्याचा दाखला आणा, मग पाहू, असे त्यांना सांगण्यात आले. गावी जाऊन यायचे म्हणजे दोन खाडे पडणार आणि गुरुजी भेटले नाहीत तर तिसरा. खाडा पडला की मुकादम दुसरा माणूस घेतो. तेव्हा आखाड सरला की बघू, असे म्हणून त्यांनी विषय मिटवला आहे.

दाखल्याशिवाय प्रवेश मिळतो का, हा तातडीचा प्रश्न आहे. त्याबरोबरच, शाळा सुरू होताना अशा घरांना नेमकी कोणती मदत लागते आणि ती कोणाकडून मिळते, याविषयीचे आपले अनुभव कृपया लिहावेत. वह्यावाटपाचे फोटो टाकू नयेत, ही नम्र विनंती.

हेडगुरुजी | 11 जून, रात्री 10.25

पेठ आणि सुरगाणा तालुक्यांत मिळून माझी सव्वीस वर्षे नोकरी झाली, त्यामुळे हा प्रसंग मला अगदी ओळखीचा आहे.

प्रवेश मिळतो, आणि तो उपकार म्हणून नव्हे. शिक्षण हक्क कायदा 2009 सालचा असून 1 एप्रिल 2010 पासून तो लागू आहे. त्याच्या कलम 5 नुसार, मुलाला दुसऱ्या शाळेत जायचे असेल तर आधीच्या शाळेच्या मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यायचा असतो. त्याच कलमात पुढे असेही स्पष्ट म्हटले आहे की, दाखला यायला उशीर झाला या कारणावरून नव्या शाळेला प्रवेश लांबवता येत नाही किंवा नाकारता येत नाही. जन्माचा दाखला नसेल तर कलम 14 पाहावे. वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही मुलाला परत पाठवता येत नाही, आणि अंगणवाडीतील नोंद किंवा आईवडिलांचे स्वयंघोषणापत्रही वयासाठी चालते. शाळा सुरू होऊन महिना उलटला तरीसुद्धा प्रवेश द्यावा लागतो, ही तरतूद कलम 15 मध्ये आहे. त्यामुळे आखाड सरल्यावर गेले तरी दार बंद नसेल, पण तोपर्यंत मूल कामाला लागलेले असते, हे आपण जाणताच.

एक खुलासा आवश्यक आहे. कलम 5 चा हा हक्क सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांत जाण्यासाठी आहे. विनाअनुदानित खासगी शाळेत जाऊन कोणी हे कलम दाखवू लागले तर तेथे वाद होईल आणि तो वाद आपण हरू. म्हणून ताईंनी त्या कुटुंबाला महानगरपालिकेच्या शाळेतच घेऊन जावे, आणि वडिलांना एकटे पाठवू नये. कायद्याची प्रत दाखवण्याचीही बहुधा वेळ येत नाही. सोबत कोणी लिहिता-वाचता माणूस उभा असला की टेबलापलीकडचा आवाज आपोआप खाली येतो. हे सांगताना मला आनंद होत नाही, पण मी स्वतः त्या टेबलापलीकडे बसलेलो आहे.

फळा_खडू | 11 जून, रात्री 11.10

मी महानगरपालिकेच्या शाळेत शिकवते. गुरुजींनी सांगितले ते सर्व खरे आहे, परंतु शाळा दाखल्यासाठी अडून का बसतात, हेही येथे लिहिले गेले पाहिजे, अन्यथा सारा दोष समोरच्या कारकुनाच्या माथी जातो.

आता प्रत्येक मुलाची नोंद संगणकावर असते. मूल एका शाळेच्या नोंदीतून निघाल्याशिवाय दुसऱ्या शाळेच्या नोंदीत बसत नाही. नव्या शाळेने ऑनलाइन विनंती पाठवायची आणि जुन्या शाळेने ती मान्य करायची, अशी पद्धत आहे. आता जुन्या शाळेचा विचार करा. 30 सप्टेंबरच्या पटावर संच मान्यता (शिक्षकांच्या पदांची मंजुरी) होते आणि किती शिक्षक राहणार, हे त्यावर ठरते. वाडीवरच्या शाळेत पट एकवीसवरून एकोणीसवर आला तर तेथील गुरुजींची झोप उडते. त्यामुळे विनंती मान्य करायला आज नेटवर्क नाही, उद्या केंद्रप्रमुखांकडे बैठक आहे, असे होत राहते. इकडे आमच्या कारकुनाला भीती अशी की, नोंद अडकलेले मूल घेतले तर त्याचे पुस्तक, गणवेश आणि पोषण आहार यांचा हिशेब जुळणार नाही. या ओढाताणीत वाईट माणूस कोणीच नसतो आणि मूल मात्र घरी बसते.

उपाय अगदी साधा आहे. मुलाला पहिल्या दिवसापासून वर्गात बसवावे, हजेरी लावावी आणि नोंदीचा पाठपुरावा शाळेने फोनवर करावा. प्रगतिपुस्तकावर जुन्या शाळेचा शिक्का आहे ना, मग तेवढे पुरते. शाळेचे नाव समजले की तिचा यू-डायस क्रमांक, म्हणजे शासकीय नोंदीतला ओळख क्रमांक, आम्हाला शोधता येतो आणि मुख्याध्यापकांचा नंबर तालुक्याच्या गटशिक्षणाधिकारी कार्यालयातून मिळतो. वडिलांनी एकही खाडा पाडण्याची गरज नाही.

गोदाकाठताई, एक विचारते. पिशवीत आधार कार्डे किती होती?

सिडकोकर | 12 जून, सकाळी 7.15

वह्यावाटपाविषयीचा टोमणा आमच्यासारख्यांना उद्देशून आहे, असे समजून उत्तर देतो. आम्ही सिडकोत दर मे महिन्यात वह्या आणि जुनी पुस्तके गोळा करतो, आणि होय, फोटोही काढतो, कारण त्याशिवाय पुढच्या वर्षी देणगी येत नाही.

तरीही अनुभवाने आमचेही धोरण बदलले आहे. सरकारी आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीची बालभारतीची पुस्तके मुलांना मोफत मिळतात, त्यामुळे तीच पुस्तके आम्ही गोळा करत बसणे व्यर्थ होते. खरी ओढाताण होते ती नववी-दहावीला, जेव्हा मोफत पुस्तके संपतात आणि मूल शाळा सोडण्याचा विचारही नेमका तेव्हाच करू लागते. मध्यंतरी पाठ्यपुस्तकांतच वह्यांसाठी कोरी पाने घालण्याचा प्रयोग झाला होता. तो मागे घेतला गेल्यावर वह्यांची मागणी पुन्हा वाढली, हेही नोंदवतो. दोनशे पानी वही सर्वांना सारखी वाटण्यापेक्षा आम्ही आता शाळेला विचारून घेतो. गेल्या वर्षी एका शिक्षिकेने वह्या नकोत, चपला आणि रेनकोट द्या, असे सरळ सांगितले. आम्ही थोडे नाराज झालो, कारण वह्या आधीच घेऊन ठेवल्या होत्या.

गोदाकाठ | 12 जून, सकाळी 8.05

फळा_खडूताई, पिशवीत पाच आधार कार्डे होती. आईवडील, हा मुलगा, एक दोन वर्षांची मुलगी आणि आणखी एक मुलगी. ती बारा वर्षांची आहे. मी तिच्याविषयी लिहिले नाही, कारण तिच्याविषयी कोणी बोललेच नाही. आई माझ्याशी बोलत असताना धाकटीला कडेवर घेऊन ती दाराशी उभी होती. चौथीनंतर ती शाळेत गेलेली नाही. हे लिहिताना मला संकोच वाटत आहे.

फळा_खडू | 12 जून, सकाळी 8.20

संकोच वाटू देऊ नका. आमच्याकडूनही हे होते. आम्ही वस्तीत फिरतो तेव्हा शाळेत जाणारी मुले किती, असे विचारतो आणि तेवढीच मोजतो.

त्या मुलीलाही प्रवेश मिळेल. कायद्याच्या कलम 4 नुसार जे मूल शाळेत गेलेले नाही किंवा मध्येच सुटले आहे, त्याला वयानुरूप वर्गात घ्यायचे असते, म्हणजे तिला पुन्हा पाचवीत लहान मुलांत बसवायचे नाही. इतरांच्या बरोबरीने येण्यासाठी विशेष प्रशिक्षणाची तरतूद त्याच कलमात आहे, आणि चौदा वर्षे पूर्ण झाली तरी आठवीपर्यंतचे शिक्षण पूर्ण होईपर्यंत ते मोफतच राहते. मात्र कागदाची अडचण सोपी आहे. तिच्या कडेवरच्या मुलीची अडचण सोपी नाही.

द्राक्षवेल_दिंडोरी | 12 जून, दुपारी 1.50

मी शेतकरी आहे आणि हा धागा वाचून थोडे आमच्या बाजूनेही लिहावेसे वाटले. दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यात द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीपासून पुढे थिनिंग (घड विरळ करणे) आणि डिपिंग (घड औषधाच्या द्रावणात बुडवणे) या कामांना पेठ-सुरगाण्याकडची कुटुंबे येतात आणि माल निघेपर्यंत थांबतात. माझ्या बागेत दरवर्षी साधारण दहा-बारा माणसे राहतात आणि त्यांच्यासोबत चार-पाच मुले असतात.

शाळा उघडते जूनमध्ये, असे आपण म्हणतो, परंतु या मुलांची शाळा वर्षातून दोनदा उघडते. जूनमध्ये गावची आणि दसऱ्यानंतर आमच्या गावची. यासाठी शिक्षण हमी कार्ड नावाची सोय राज्यात आहे. गाव सोडताना मुलाच्या शाळेने ते कार्ड द्यायचे, त्यावर मूल कोणत्या इयत्तेत आहे आणि त्याला काय येते याची नोंद असते, आणि ते दाखवले की जेथे काम असेल तेथील शाळा त्याला बसवून घेते. दाखला काढण्याची गरज पडत नाही आणि परत गेल्यावर मूल आपल्या जुन्या वर्गात पुन्हा बसते. कार्ड उत्तम आहे. अडचण अशी की टेम्पो पहाटे चारला निघतो आणि त्या वेळी कार्ड देणारे गुरुजी तेथे नसतात.

माझ्यापुरते मी असे केले की, मुकादमाशी बोलणी होतात त्याच फोनमध्ये मुले किती आणि कोणत्या शाळेची, हेही विचारून घेतो आणि आमच्या गावच्या शाळेतल्या सरांना कळवतो. सर त्या शाळेला फोन करतात. उचलीचा हिशेब आपण महिनाभर आधी करतो, तर हाही करता येतो. सगळे बागायतदार असे करतात असे मी म्हणणार नाही. कित्येकांना शाळेतून दुपारी परतलेले पोर बागेत फिरताना दिसले की त्याच्या हातात डिपिंगचा डबा द्यावासा वाटतो, आणि तेथे गप्प बसणाऱ्यांत मीही पूर्वी होतो.

हेडगुरुजी | 12 जून, रात्री 9.30

द्राक्षवेलदादांनी फार मोलाची गोष्ट सांगितली. मुकादमाच्या फोनमध्येच मुलांची चौकशी करावी, हे आम्हाला नोकरीत कधी सुचले नाही.

फळा_खडूताईंनी कडेवरच्या मुलीचा विषय काढला, त्यावर थोडे लिहितो. आमच्याकडे शाळा 15 जूनला उघडायची आणि मृगाचा पाऊस लागून राहिला की पुढे भाताच्या आवणीची, म्हणजे लावणीची, घाई सुरू व्हायची. आवणीत घरातली सगळी मोठी माणसे चिखलात, तेव्हा धाकट्या भावंडाला सांभाळणार कोण? आठ-दहा वर्षांची मुलगी. हजेरीपटावर जुलैत मुलींच्या नावांपुढे जी रिकामी घरे दिसत, त्यांचे कारण एवढेच असे. सुरुवातीला मी घरोघर जाऊन पालकांना समजावत असे आणि पालक मान हलवून पुन्हा चिखलात उतरत.

एका वर्षी तिसरीतली एक मुलगी पाठीवर भावाला बांधून थेट वर्गात आली. दीड वर्षाचे ते पोर होते. तिने त्याला दाराजवळ गोणपाटावर बसवले, कमरेची दोरी सोडून एक टोक त्याच्या पायाला आणि दुसरे आपल्या पाटीखाली अडकवले आणि ती पाढे म्हणू लागली. मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी आणखी दोन गोणपाटे आली. वर्गात लघवीचा वास येई, मधूनच कोणीतरी रडे, आणि तपासणीला आलेल्या साहेबांनी मला त्याबद्दल लेखी विचारणाही केली. पण त्या जुलैत मुलींची हजेरी राहिली. पुढे शेजारच्या घरातली एक आजी दुपारपर्यंत त्या लेकरांकडे पाहू लागली आणि पोषण आहाराच्या पातेल्यातली थोडी खिचडी आजीच्या ताटात जाऊ लागली. हे नियमात बसत नव्हते, हे मला माहीत आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला 100 ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला 150 ग्रॅम धान्य असा हिशेब असतो आणि त्यात आजी कोठेच नव्हती.

पाऊसपाणी | 13 जून, सकाळी 10.40

माझी मुलगी सात वर्षांची असून तिला जन्मतः कमी ऐकू येते. ती दोन्ही कानांना श्रवणयंत्रे लावते आणि आमच्या भागातल्या सर्वसाधारण शाळेत दुसरीत जाते. शाळा सुरू होताना कुटुंबाला काय लागते, या प्रश्नाला माझे उत्तर एका पातळ डबीएवढे आहे.

जूनमध्ये हवा दमट झाली की यंत्रांत ओल जाते आणि सेल लवकर उतरतात. गेल्या वर्षी पहिल्याच आठवड्यात एका दुपारी दोन्ही सेल संपले आणि उरलेले तीन तास माझी मुलगी वर्गात शांत बसून राहिली. बाईंना वाटले, मूल फार गुणी आहे. घरी आल्यावर तिने मला सांगितले की आज कोणी काहीच बोलले नाही. त्यानंतर मी सेलची एक डबी बाईंच्या कपाटात ठेवली, ते कसे बदलायचे हे त्यांना दाखवले आणि मुलीला दुसऱ्या बाकावर, खिडकीकडे पाठ करून बसवण्याची विनंती केली, म्हणजे बाईंचे ओठ उजेडात राहतात. बाईंनी हे आनंदाने केले. कोणी सांगितलेच नव्हते, तर त्यांना कळणार कसे?

अशा मुलांसाठी समग्र शिक्षा योजनेत विशेष शिक्षक असतात, ते शाळांना भेटी देतात. ज्या मुलांना सोबतीशिवाय शाळेत जाता येत नाही, त्यांच्यासाठी मदतनीस भत्ता आणि प्रवास भत्ता यांची तरतूद आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळेतील मुलांची वर्षातून एकदा आणि अंगणवाडीतील बालकांची दोनदा आरोग्य तपासणी होते. परंतु ते पथक डिसेंबरमध्ये आले आणि मुलाला फळा दिसत नाही हे तेव्हा कळले, तर अर्धे वर्ष गेलेले असते. म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यातच प्रत्येक मुलाला मागच्या भिंतीशी उभे करून फळ्यावरची एक ओळ वाचायला लावावी आणि पाठमोरे उभे करून हाक मारून पाहावी, असे मी आमच्या शाळेच्या पालकसभेत सुचवले. दहा मिनिटांत दोन मुले सापडली.

एक_पालक | 13 जून, दुपारी 3.15

चर्चा वस्तीतल्या मुलांची आहे, तरी मध्यमवर्गीय पालकांचाही एक मुद्दा मांडतो. आमच्या मुलांच्या शाळेने (नाव लिहीत नाही) या वर्षी गणवेश बदलला आणि तो एका ठरावीक दुकानातूनच घ्यावा, असा निरोप पाठवला. बूट, दप्तर आणि वह्यांची वेष्टनेसुद्धा तेथूनच. दोन मुलांचे मिळून माझा महिन्याचा निम्मा पगार गेला. यावर काही उपाय आहे का, की मुकाट्याने भरायचे?

हेडगुरुजी | 13 जून, सायंकाळी 6.00

मुकाट्याने भरू नये. ठरावीक दुकानातूनच साहित्य घेण्याची सक्ती शाळेला करता येत नाही, त्यामुळे प्रथम लेखी पत्र द्यावे आणि पोच घ्यावी. राज्यात 2011 चा शुल्क विनियमन कायदा आहे. त्याप्रमाणे शाळा सुरू झाल्यापासून तीस दिवसांत पालक-शिक्षक संघ स्थापन व्हावा लागतो आणि त्याच्या कार्यकारी समितीवरील पालक सोडत काढून निवडले जातात. बहुतेक पालक त्या सभेला जात नाहीत आणि मग वर्षभर गटागटाने कुरकुरतात. तुमच्या शाळेची ती सभा अजून व्हायची आहे, तेव्हा या वेळी जावे.

मनमोकळे | 13 जून, रात्री 10.15

मी शाळांतून समुपदेशनाचे काम करते. कागद आणि साहित्य यांविषयी पुष्कळ चर्चा झाली, म्हणून ज्या घरात सुट्टीत काही घडून गेले आहे, त्या घरांविषयी लिहिते.

मे महिन्यात एखाद्या मुलाचे वडील गेले, आई माहेरी निघून आली किंवा घर बदलले, आणि 15 जूनला ते मूल गणवेश घालून नेहमीच्या बाकावर बसले, तर वर्गात कोणालाच काही माहीत नसते. सुट्टीत काय केले ते दहा ओळींत लिहा, हा निबंध अशा मुलाला पहिल्याच दिवशी दिला जातो. माझी शिक्षकांना विनंती असते की हा निबंध द्यायचाच असेल तर तो जुलैत द्यावा, आणि पहिल्या आठवड्यात घरी कोण कोण आहे, एवढे प्रत्येकाकडून सहज बोलण्यात समजून घ्यावे.

अशा कुटुंबांसाठी राज्य शासनाची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बाल संगोपन योजना आहे. आई किंवा वडील नसलेल्या अथवा संकटात सापडलेल्या बालकाच्या संगोपनासाठी महिन्याला 2,250 रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयाकडे करायचा असतो आणि मंजुरीचा आदेश बाल कल्याण समिती देते. मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, शाळेचे बोनाफाईड असे कागद लागतात. त्यांतला शाळेचा कागद शिक्षकांनी आपण होऊन काढून दिला तर एकट्या पडलेल्या आईची एक फेरी वाचते. पैसे सुरू व्हायला वेळ लागतो, हे मात्र आधीच सांगून ठेवावे, नाहीतर ती आई दर आठवड्याला बँकेत जाऊन येते.

पहिलीच्या रडणाऱ्या मुलांविषयी पालक फार घाबरून विचारतात, म्हणून तेही थोडक्यात लिहिते. मूल चार-पाच दिवस रडले तर त्यात काही वावगे नाही. न सांगता गुपचूप निघून जाणे मात्र टाळावे. मी शाळा सुटल्यावर या निंबाखाली उभी असेन, असे जागा दाखवून सांगावे आणि त्या जागी खरोखर उभे राहावे.

सिडकोकर | 14 जून, सकाळी 9.00

आमच्याकडे दहा रेनकोट आणि लहान मापाच्या काही चपला शिल्लक आहेत. गोदाकाठताई, मापे कळवावीत. फोटो काढणार नाही.

गोदाकाठ | 19 जून, रात्री 9.10

आठवडाभर लिहू शकले नाही, क्षमस्व. सोमवारी सकाळी मी त्या कुटुंबासोबत महानगरपालिकेच्या एका शाळेत गेले. गुरुजींनी सांगितल्याप्रमाणे कायद्याचे नाव काढण्याची वेळच आली नाही. मुख्याध्यापिकांनी प्रगतिपुस्तक उलटसुलट करून पाहिले, लाल मातीकडे बोट दाखवून, "भट्टी का?" एवढेच विचारले आणि मुलाला चौथीच्या वर्गात पाठवून दिले. गावच्या शाळेचा फोन तिसऱ्या दिवशी लागला. तेथील गुरुजींनी खळखळ केली नाही, उलट मुलगा बरा आहे ना, अशी चौकशी केली. ऑनलाइन विनंती अजून मान्य झालेली नाही, परंतु मूल वर्गात आहे. गुरुवारी तो वर्गात भांडून आला, म्हणजे रुळला असे समजते.

मुलीला सातवीत घेतले आहे. पाच दिवसांत ती दोन दिवस आली. पहिल्या दिवशी आई कामावर गेली नाही, म्हणून ती आली. शुक्रवारी ती धाकटीला घेऊनच आली आणि शिपाईमावशींनी तिला फाटकातून परत पाठवले. मधल्या तीन दिवसांत ती घरीच होती. जवळच्या अंगणवाडीत मी विचारून आले. सेविकाताई चांगल्या आहेत, परंतु शाळापूर्व शिक्षणासाठी त्या तीन वर्षांपुढची मुलेच बसवून घेतात. दोन वर्षांच्या मुलीला घरी न्यायचा शिधा मिळतो, तिला सांभाळण्याची सोय तेथे नाही.

फळा_खडू | 19 जून, रात्री 9.45

पाचपैकी दोन दिवस, ही वाईट सुरुवात नाही. केंद्राच्या पाळणा योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची तरतूद आहे आणि त्यात सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतची मुले बसतात. ते तुमच्या भागात सुरू व्हावे, यासाठी अर्ज करू, मसुदा मी लिहिते. पण अर्जाचे उत्तर येईपर्यंत ती मुलगी चौदा वर्षांची होईल. मुख्याध्यापिकांशी मी सोमवारी बोलते, फाटकावरचा प्रश्न तरी सुटेल. तूर्त गुरुजींच्या त्या आजीसारखी कोणी वस्तीत आहे का, ते पाहावे.

गोदाकाठ | 20 जून, सकाळी 7.30

आजी आहेत. मी काल रात्रीच जाऊन विचारले. गुडघे दुखतात म्हणून त्या कामावर जात नाहीत आणि दुपारी एकपर्यंत धाकटीला सांभाळायला तयार आहेत, कारण एक वाजता त्यांचा स्वतःचा नातू बालवाडीतून येतो आणि दोघांमागे धावणे त्यांना जमत नाही. त्यांना महिन्याला काही रक्कम द्यावी असे आम्ही ठरवले आहे आणि ती आम्हा पाच-सहा जणांत निघेल.

शाळा पाचला सुटते. एक ते पाच या चार तासांसाठी पेठ नाका ते मखमलाबाद नाका या भागात कोणाच्या ओळखीत काही सोय असेल तर कृपया कळवावे. सिडकोकरदादा, मुलाची चप्पल लहान मुलांच्या मापात तेरा नंबरची आणि मुलीची मोठ्यांच्या मापात चार. रेनकोट दोन हवेत. मुलीचा थोडा मोठा असला तर बरे, म्हणजे धाकटी त्यात मावेल.